श्रोते: शून्य

कानोसानं आमच्या नव्या गाण्याला शंभरापैकी त्रेचाळीस गुण दिले, तेव्हा अभिनंदननं सगळ्यात आधी पोट आत घेतलं. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला नापास झाल्यावर काय करावं ते सुचत नाही, दुसरं काय!

अभिनंदन मगदूम हा आमचा गायक. इचलकरंजीत त्याचं सुताचं दुकान आहे. मी शैलजा आवटी, बास गिटार वाजवते आणि गाणी लिहिते. तिसरा दस्तगीर मोमीन, आमचा ड्रमर. धंद्यानं तो जॉबर, म्हणजे यंत्रमागाचं काही बिनसलं की दुरुस्त करणारा मिस्त्री. तिघांचा मिळून ‘धोटा’ हा रॉक बँड. पंचवीस वर्षांपूर्वी, मागातला आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे पळताना जो खटक-खटक आवाज होतो त्यावर आम्ही गाणी बांधली आणि चांगले गाजलो. मग गाजणं थांबलं. गावातले धोट्याचे माग भंगारात गेले, त्यांच्या जागी हवेच्या झोतावर चालणारे एअरजेट माग आले, आणि धोटा म्हणजे काय हे शाळेतल्या मुलांना चित्र काढून सांगायची वेळ आली. नऊ वर्षांत आमचा एकही अल्बम निघाला नव्हता.

अशात पुण्याच्या एका कंपनीनं आम्हाला बोलावलं. नवा अल्बम, नवा आवाज, नवं रूप! रूपाचं काम तर त्यांनी आम्ही पोचायच्या आधीच उरकून टाकलं होतं. भिंतीएवढ्या पडद्यावर आमची तिघांची चित्रं होती. मी अठ्ठावीस वर्षांची दिसत होते. अभिनंदनला जन्मात नव्हता असा जबडा आला होता. दस्तगीर बराच वेळ स्वतःकडे बघत राहिला आणि म्हणाला, “शैले, हा तर माझा मेव्हणा वाटतोय.”

आवाजाचं काम कानोसाकडे होतं. हे यंत्र काय आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

आपण काही ऐकतो तेव्हा मेंदूत बारीक विद्युत लहरी उठतात. कानात घालायच्या बडना त्या लहरी टिपता यायला लागल्या, त्याला आता बारा वर्षं झाली. कुठल्या सेकंदाला माणूस रमला, कुठे त्याचं लक्ष उडालं, कुठे अंगावर काटा आला, हे बडना कळतं. अशा कोट्यवधी कानांची बारा वर्षांची माहिती एकत्र करून त्यातून एक कृत्रिम श्रोता घडवला. तोच कानोसा. गाणं त्याला ऐकवायचं, तो गुण देणार आणि काय दुरुस्त करायचं तेही सांगणार. ऐंशीच्या खालचं गाणं कंपनी बाजारात आणायचीच नाही. वर बड प्रत्येकाच्या आवडीप्रमाणे गाणं थोडं बदलून ऐकवायचे. एकाला गिटार मोठी, दुसऱ्याला शब्द मोठे. शेजारी बसलेली दोन माणसं एकच गाणं ऐकत असली तरी ते एकच नसायचं. या गोष्टीचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं.

कंपनीकडून आमचं काम बघणारा अन्वय गुप्ते सालस माणूस होता. दस्तगीर चहाला बाहेर गेल्याचं बघून त्यानं दार लोटलं.

“मॅडम, गाणी छान आहेत. अडचण ड्रम्सची आहे,” तो म्हणाला. “पायानं वाजतो तो मोठा ड्रम अगदी वेळेवर आहे. पण हातानं वाजतो त्या छोट्या ड्रमची, म्हणजे स्नेअरची, थाप दर वेळी तीस मिलिसेकंद उशिरा पडते.”

“म्हणजे किती?” अभिनंदननं विचारलं.

“एका सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातले तीस. ऐकणाऱ्याला कळत नाही, पण त्याचं लक्ष तिथेच सुटतं. कानोसाचा अंदाज आहे, की दस्तगीर सरांना नीट ऐकू येत नसावं.”

मी मान खाली घातली. यंत्रानं सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. मागाच्या कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाचे कान वरच्या पट्टीतले आवाज आधी सोडून देतात. शिट्ट्या, पक्षी, टाळ्या, सगळं हळूहळू विझत जातं. खालचा घुमारा तेवढा राहतो. दस्तगीर बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायचा. आणि गेली काही वर्षं, प्रत्येक कार्यक्रम संपला की माझ्याकडे वाकून विचारायचा, “पडल्या का गं?” टाळ्या पडल्या का, असं. मी ती थट्टा समजत होते. समजत होते की समजून घेत होते, देव जाणे.

“कानोसा थापा सरळ करून देईल,” अन्वय म्हणाला. “त्यांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.”

“नको सांगूया,” अभिनंदन माझ्याकडे न बघता म्हणाला. “उगाच मनाला लावून घेईल.”

“मी कशाला बोलतो?” मी म्हणाले. (आमच्या गावात बायकाही ‘येतो-जातो’ म्हणतात, सवय करून घ्या.) आणि खरंच काही बोलले नाही. शेवटची संधी आहे, एवढंच डोक्यात होतं. आपल्या सगळ्यात जुन्या मित्राला फसवायला मला चार शब्दही लागले नाहीत, याची आजही लाज वाटते.

कानोसानं थापा सरळ केल्या. गाण्याला शहाऐंशी गुण पडले. अन्वयनं पेढे मागवले आणि दस्तगीरनं त्यातले तीन खाल्ले.

आठवड्यानं अल्बमची आठही गाणी तयार होऊन आली. ऐकायला आम्ही दस्तगीरच्या कारखान्यात जमलो. तिथे आता त्याच्या वडलांचे साधे माग नव्हते, नव्या मालकाचे चोवीस एअरजेट होते आणि दस्तगीर त्यांचा जॉबर होता. जेवणाच्या सुट्टीत ते बंद झाल्यावर अभिनंदननं मोठा स्पीकर लावला. दस्तगीरनं कान पुढे केला नाही. तो स्पीकरजवळ उकिडवा बसला आणि त्याच्या लाकडी अंगावर तळहात टेकवला. मागाच्या सांगाड्यावर हात ठेवून कुठलं बेअरिंग गेलंय ते तो सांगायचा. ही त्याची सवय मी हजारदा पाहिली होती आणि नेमकी त्याच दिवशी विसरले होते.

अर्ध्या मिनिटात त्यानं हात काढला.

“हे कोण वाजवतंय?”

“तूच की,” अभिनंदन म्हणाला.

“अभ्या, माझा हात मला कळत न्हाई व्हय?” त्यानं माझ्याकडे पाहिलं. “शैले, तू सांग.”

मी सांगितलं. तीस मिलिसेकंद, कानोसा, कान, सगळं. तो माझ्या ओठांकडे बघत ऐकत होता, त्यामुळे मला तोंड फिरवायचीही सोय नव्हती.

“बहिरा झालाय म्हणून तोंडावर सांगितलं असतं तर मी घरी बसलो असतो,” तो म्हणाला. “वाईट वाटलं असतं, पण बसलो असतो. पेढे कशाला चारलेत?” मग त्यानं पुसायच्या चिंध्या उचलल्या आणि मागाखाली जाऊन पडला. “माझं नाव काढून टाका. तो मेव्हणा वाजवू दे.”

त्यानंतर त्यानं फोन उचलला नाही. अल्बमचा पहिला कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला होता. तो इचलकरंजीतच व्हायचा होता, कंपनीनं गावभर फलक लावले होते आणि त्यावर आम्ही तिघं अठ्ठावीस वर्षांचे होऊन हसत होतो. रोज त्या फलकाखालून जाताना मला स्वतःचं तोंड चुकवावं लागायचं.

एका दुपारी मी आमच्या पहिल्या वर्षाची ध्वनिमुद्रणं काढून बसले. काही शोधत नव्हते, नुसती रडायची सोय करत होते. पण डोक्यात ते तीस घुसलं होतं, म्हणून सहज मोजणी लावली. पायाची थाप वेळेवर होती आणि हाताची तीस मिलिसेकंद उशिरा. दुसरं गाणं, तिसरं गाणं, तेच. तेव्हा दस्तगीर बावीस वर्षांचा होता आणि पलीकडच्या गल्लीतल्या मांजराचा आवाजही त्याला ऐकू यायचा. मग कानांचा संबंध कुठे आला? आणि चूक असेल, तर पंचवीस वर्षं इतकी नेमकी कशी?

मी चप्पल घातली आणि कारखाना गाठला. जाताना शिवणाच्या पेटीतली टेप घेतली.

दस्तगीर दाराशी डबा खात होता. मी टेपचं एक टोक त्याच्या हातात दिलं आणि दारापासून मोजत आत गेले. जिथे पूर्वी मागांची पहिली रांग होती तिथे थांबले. टेप सहादा उचलून पुन्हा लावावी लागली. दहा मीटर भरले.

“तुझे ड्रम इथं दारात असायचे,” मी परत येऊन त्याच्या समोर, ओठ दिसतील अशी उभी राहिले. “आणि माग तिथं. मागाच्या तालावर तू वाजवायला शिकलास. बरोबर?”

“व्हय. मग?”

“मागाचा ठोका जमिनीतनं तुझ्या पायाला लगेच पोचायचा. सिमेंटात कंप लई जोरात धावतो. पण तोच ठोका हवेतनं कानापर्यंत यायला वेळ लागतो. दहा मीटरला किती लागतो, सांगू? तीस मिलिसेकंद. तुझा पाय जमिनीचं ऐकून शिकला आणि हात कानाचं ऐकून. कान गेले तरी हाताला अजून ते आठवतंय.”

तो चावायचा थांबला. “म्हणजे मी चुकत न्हवतो?”

“चुकत होतास. पण पहिल्या दिवसापासनं, तेवढाच. आणि त्या चुकीवरच आपण गाजलो. त्या यंत्राला काय कळणार? ते कान शिकलंय, एकेकट्या माणसाचे. त्याला पायच न्हाईत.”

दस्तगीर हसला नाही. डब्याचं झाकण लावून तो म्हणाला, “हे सगळं खरं असंल. पण तू मला सांगितलं नव्हतंस.”

“घाबरलो होतो. आता शेवटची संधी असं वाटलं. माफ कर मला.”

“माझी बी शेवटचीच होती की गं,” तो म्हणाला. मला रडू फुटलं. तो उठला आणि एक एअरजेट सुरू करून माझा तळहात त्याच्या सांगाड्यावर दाबून धरला.

एअरजेटमध्ये धोटा नसतो. दाबलेल्या हवेची फुंकर आडवा धागा पलीकडे उडवते, मिनिटाला आठशे वेळा. मला तो आवाज नेहमी नुसता फुसफुस वाटायचा आणि आमचा खटक-खटक खाऊन टाकल्याचा रागही होता. पण हाताखाली ते वेगळंच निघालं. थरथर, तिच्या आत दुसरी थरथर, आणि त्या दोन्हींच्या खाली सावकाश फिरणारा एक जडसर घुमारा.

“धोटा मेला,” दस्तगीर माझ्या कानात ओरडला. “त्याचं रडगाणं किती दिवस गायचं? हे वाजवूया! बास तू खालचा धर, मी वरचं बघतो.”

हा खरा नवा आवाज. तो पुण्यात मिळाला नाही, आणि आमच्या जुन्या आठवणींतही नव्हता. गेली पंधरा वर्षं तो आमच्या गावात दिवसभर चालू होता. आठवड्याच्या सुट्टीला अभिनंदनला ओढून आणला. त्यानं दस्तगीरच्या गळ्यात पडून माफी मागितली आणि लगेच तक्रारही केली, की या आवाजावर गायचं म्हणजे छाती फुटेल. छाती फुटली नाही. उलट, तरुण दिसायच्या नादात त्यानं चोरून ठेवलेला खरा, जाड, सत्तेचाळिशीचा आवाज बाहेर आला. बारा दिवसांत आम्ही आठही गाणी नव्यानं बांधली आणि त्याच कारखान्यात मुद्रित केली. अल्बमचं नाव ठेवलं ‘फुंकर’. वेष्टनावर मागावर टेकलेला दस्तगीरचा हात घेतला, नखांतल्या ग्रीससकट.

कानोसानं अडतीस गुण दिले.

“पाच अजून गेले की,” अभिनंदन म्हणाला.

अन्वयनं मात्र गाणी दोनदा ऐकली. “मला आवडलीत,” तो म्हणाला, “पण माझ्या आवडीला काही किंमत नाही. एक करता येईल. कार्यक्रमात लोकांच्या कानात बड असतीलच. कानोसा तिथे थेट जोडतो. एकदा जरी ऐंशी दिसले, तर मी वरिष्ठांशी भांडतो. नाही दिसले तर कंपनी शहाऐंशीवाला अल्बम काढणार. करारात तसंच आहे.”

कार्यक्रम दस्तगीरच्याच कारखान्यात ठेवला, सुट्टीच्या दिवशी दुपारी चारला. एअरजेट बंद होते आणि त्यांच्यामधल्या गल्ल्यांत माणसं खेटून उभी होती. आत आठशे, बाहेरच्या अंगणात त्याच्या दुप्पट. एकच एअरजेट आम्ही चालू ठेवला, तो आमचा चौथा वादक. अन्वय मंचाच्या बाजूला टॅब घेऊन उभा राहिला. मला त्याचा पडदा दिसत होता.

पहिलं गाणं सुरू झालं. बेचाळीस. मग एकेचाळीस. लोक वाईट नव्हते हो! मान डोलावत होते, हसत होते. पण प्रत्येकाची मान वेगळ्या तालात डोलत होती. प्रत्येकाचा बड त्याला त्याचं गाणं ऐकवत होता आणि आमच्या थापा इमानदारीनं सरळ करून देत होता. दुसरं गाणं संपेपर्यंत एकोणचाळीस झाले.

दस्तगीरनं मला काठीनं खुणावलं. मी जवळ गेले.

“ही माणसं हितं आलीच न्हाईत गं,” तो म्हणाला. “जो तो आपापल्या घरात बसलाय. कानातलं काढायला सांग. आणि पायातलं बी.”

बड काढले की गुण कुठून येणार? अन्वयच्या ते लक्षात आलं असावं, कारण तो लांबूनच हात हलवून नको-नको करत होता. ऐंशी नाहीत तर ‘फुंकर’ नाही, आणि मग बाजारात जाणार तो मेव्हण्याचा अल्बम. अभिनंदन माझ्याकडे बघत होता. पुण्याच्या त्या खोलीत दार लोटलेलं असताना मी गप्प बसले होते, ते मला आठवलं. मी माइक घेतला.

“मंडळी,” मी म्हणाले, “आमचा ड्रमर उशिरा वाजवतो. यंत्र म्हणतंय तो चुकतोय. तुम्हाला ती चूक ऐकू येऊ नये अशी तुमच्या कानात सोय केलेली हाय. मला ती तुम्हाला ऐकवायची हाय. कानातलं खिशात टाका आणि चपला काढा. जमिनीवर उभं राहा!”

आधी हशा पिकला. मग एका म्हातारबुवांनी वाकून पायातल्या कोल्हापुरी काढल्या आणि व्यवस्थित मागाखाली सरकवल्या. त्यांचं बघून शेजारचे वाकले. पाच मिनिटं कारखान्यात चपला-बूट काढायचा एकच गोंधळ चालला होता. कुणी म्हणत होतं गर्दीत हरवतील, कुणी म्हणत होतं हरवू देत.

दस्तगीरनं पाय मारला.

तो ठोका सिमेंटातून आठशे माणसांच्या तळव्यांना एकदम लागला. मी चेहरे बघत होते, सगळे एकाच वेळी दचकले. आणि मग तीस मिलिसेकंद उशिरा त्याचा हात पडला. पायांना आधी कळलेलं, कानांना मागून येऊन पटलेलं. त्या बारीकशा फटीत माणसांना आत यायला जागा होती. मागच्या भिंतीजवळच्यांची टाळी हवेतून उशिरानं पोचते, तीही त्या थापेत सामावून जात होती. चौथ्या आवर्तनाला सगळा कारखाना टाळी देत होता. सहाव्याला अंगण मिळालं. अभिनंदननं ध्रुवपद एकदा म्हटलं, आणि दुसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा त्याच्या आधी लोकच गात सुटले, चुकीच्या शब्दांत, पण एकच गाणं.

मी अन्वयकडे पाहिलं. तो टॅब माझ्याकडे वळवून धरून खदाखदा हसत होता. पडद्यावर गुणांची जागा कोरी होती. खाली एक ओळ होती. ‘श्रोते: शून्य.’

त्यानं त्या पडद्याचं आणि त्यामागे नाचणाऱ्या गर्दीचं एकत्र छायाचित्र घेतलं. मग टॅब खुर्चीवर ठेवला, मोजे काढले आणि खाली उतरून गर्दीत शिरला.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. ते छायाचित्र सगळीकडे फिरलं आणि त्यानं कंपनीला इतकं लाजवलं, की तिनं ‘फुंकर’ जशीच्या तशी काढली आणि फलकांवर आमचे खरे चेहरे लावले. आम्ही भिवंडीला वाजवलं, मालेगावला, सोलापूरला, विट्याला, सगळीकडे कारखान्यांत आणि सगळीकडे अनवाणी. पुण्यामुंबईच्या सभागृहांनी आमच्यासाठी गालिचे उचलले. कानोसा अजून आहे, पण आता त्याला पाय जोडायचं काम चालू आहे म्हणे. दस्तगीरनं कानाला यंत्र घेतलंय. घरात नातीचं बोलणं ऐकायला ते लावतो, आणि ड्रमवर बसताना काढून खिशात ठेवतो.

पण मला परत त्या दुपारकडेच यायचंय. शेवटचं गाणं संपलं. टाळ्या पडायला लागल्या, आणि टाळ्यांनी भागेना म्हणून लोकांनी पाय आपटायला सुरुवात केली. आतले आठशे, मग अंगणातले. मंच थरथरला. झांजा कुणी न वाजवता किणकिणायला लागल्या. मी नेहमीसारखी दस्तगीरजवळ जाऊन वाकले, त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला. त्यानं काठ्या खाली ठेवल्या होत्या. स्टुलावरून उतरून, दोन्ही तळहात मंचावर सपाट टेकवून तो डोळे मिटून बसला होता.

या वेळी त्यानं विचारलं नाही.